निकाल शाळेचा की पटाचा?

एक गणित सोडवून पाहा. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती तालुक्यातल्या एखाद्या गावात जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा आहे, असं समजा. सहावीत 30 मुलं आणि वर्गाची सरासरी 100 पैकी 60. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यातली सहा मुलं दाखला काढून शहरातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये जातात. ही वर्गातली हुशार मुलं आहेत, सहा जणांची सरासरी 80. कॉन्व्हेंटमध्ये त्याच इयत्तेत 120 मुलं आहेत आणि तिथली सरासरी 85. आता दोन्हीकडची नवी सरासरी काढा. गावातली शाळा 60 वरून 55 वर आली. कॉन्व्हेंटही 85 वरून 84.8 वर आलं. दोन्ही शाळांचा निकाल घसरला, पण एकाही मुलाचा एकही मार्क कमी झालेला नाही!

कॉन्व्हेंटची घसरण कुणाच्या लक्षातही येणार नाही. गावात मात्र पारावर बोलणं सुरू होतं: "आपल्या शाळेत आता शिकवत नाहीत." पुढच्या जूनमध्ये आणखी पाच-सहा दाखले जातात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, एखादं पद कमी होतं. मग सहावी, सातवी आणि आठवी दोन शिक्षकांनी सांभाळायची वेळ येते आणि शिकवण्यावर खरोखरच परिणाम होतो. अफवा म्हणून जे सुरू झालं ते तीन वर्षांत खरं ठरतं.

शाळेचा निकाल वाचताना आपण दोन प्रश्नांची गल्लत करतो. शाळेनं काय शिकवलं हा एक प्रश्न. शाळेत कोण आलं हा दुसरा. सरासरीच्या आकड्यात ही दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळलेली असतात आणि दुसऱ्याचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून बराच मोठा असतो.

जिनिंगवाला आधी काय बघतो

वरोरा-भद्रावती पट्ट्यातल्या कापूस उत्पादकाला हे वेगळं सांगायला नको. क्विंटलभर कापसातून साधारण 33-34 किलो रुई निघते. त्याला उतारा म्हणतात. उतारा कमी पडला म्हणून जिनिंगवाला लगेच मशीन खोलून बसत नाही. गेटवर गाडीत हात घालून कापूस ओला आहे का, त्यात कवडी किती, माती किती हे तो आधी पाहतो, कारण आत काय आलं हे ठाऊक असल्याशिवाय बाहेर काय पडलं यावरून मशीनबद्दल काही सांगता येत नाही. शाळेच्या बाबतीत आपण गेटकडे न पाहता थेट उताऱ्यावर बोलतो. मुलं म्हणजे कापूस नव्हे, हे खरंच. ती घरी जातात, आजारी पडतात, एकमेकांकडून शिकतात. पण आधी गेटवर पाहायचं, एवढं तरी जिनिंगवाल्याकडून उचलावं.

बाकावर कोण बसलंय

या दृष्टीनं भद्रावती हे फार बोलकं गाव आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 60 हजारांच्या घरात होती. एका बाजूला आयुध निर्माणी, तिची वसाहत आणि तिथलं केंद्रीय विद्यालय. केंद्रीय विद्यालयात प्रवेशाचा पहिला हक्क केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांचा असतो. म्हणजे तिथल्या बऱ्याच मुलांच्या घरी नियमित पगार आणि शिकलेले आईवडील आहेत, हे निकाल लागण्याआधीच ठरलेलं असतं. दुसऱ्या बाजूला माजरी परिसरातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी. खाणीत कायम नोकरी असलेल्याचं घर आणि ठेकेदाराकडे रोजीनं जाणाऱ्याचं घर यांत मोठा फरक आहे. दोघंही फॉर्मवर 'खाण कामगार' असंच लिहितात. परप्रांतातून कामाला आलेल्यांच्या घरात हिंदी किंवा छत्तीसगढी बोलली जाते आणि मूल बसतं मराठी माध्यमात. याखेरीज कापूस-सोयाबीनची गावं आहेत. जिल्ह्याच्या पूर्वेला, मूल-सावली तालुक्यांकडच्या धानपट्ट्यात, मजूर कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. ती जातात तेव्हा शाळेचं दुसरं सत्र ऐन भरात असतं.

हे सगळं कुठं नोंदलेलं असतं? सर्वात जुनं साधन म्हणजे मुख्याध्यापकांच्या कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर. कापडी पुठ्ठ्याच्या या आडव्या वहीत मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, धर्म, जात, मातृभाषा, आधीची शाळा, दाखल केल्याची तारीख आणि अगदी उजवीकडे शाळा सोडल्याची तारीख व कारण असे रकाने असतात. जातीच्या दाखल्यासाठी लोक पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पानं शोधत येतात, म्हणून हे रजिस्टर जिवापाड जपलं जातं. अभ्यासकाच्या नजरेनं मात्र त्यातला मातृभाषेचा रकाना सर्वात मोलाचा आणि तोच सर्वात निष्काळजीपणे भरलेला. दाखल करणाऱ्या बापाला कुणी विचारत नाही. वरच्या ओळीत 'मराठी' असतं म्हणून खालच्या ओळीतही 'मराठी' पडतं.

नवं साधन म्हणजे 'यू-डायस प्लस' ही शाळांची सरकारी माहितीप्रणाली. देशातल्या प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक 27 नं सुरू होतो, त्यापुढं 13 असेल तर शाळा चंद्रपूर जिल्ह्यातली. मुलगे-मुली, सामाजिक प्रवर्ग, वय, माध्यम, दिव्यांगत्व, शिक्षक, खोल्या, पाणी, स्वच्छतागृह ही सगळी माहिती त्यात भरावी लागते. 2022-23 पासून ती एकेका मुलाच्या नावानं भरली जाते. ऑनलाइन माहिती भरण्यात जाणाऱ्या वेळाबद्दल शिक्षकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पण निदान गेटवर पाहायची सोय त्यातून झाली.

एका रकान्यात दोन घरं

सोय झाली तरी रकाने ढोबळ आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे 18 टक्के आणि शेजारच्या गडचिरोलीत सुमारे 39 टक्के होतं. साक्षरता चंद्रपुरात 80 टक्के, गडचिरोलीत 74. हे आकडे शेजारी ठेवले की 'आदिवासी जास्त म्हणून निकाल कमी' असा निष्कर्ष आपोआप ओठांवर येतो. तो आळशी निष्कर्ष आहे.

भद्रावती शहरात राहणाऱ्या गोंड शिक्षिकेची मुलगी आणि जिवतीच्या माणिकगड डोंगरातल्या कोलाम गुड्यावरचा मुलगा, दोघंही 'अनुसूचित जमाती' या एकाच रकान्यात मोजले जातात. तिच्या घरी मराठी बोलली जाते, वर्तमानपत्र येतं, गृहपाठ आई पाहते. त्याच्या घरी कोलामी बोलली जाते. ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीपासून फार दूरची. कोलाम आणि माडिया या जमाती सरकारच्या यादीत 'विशेष असुरक्षित आदिम जमाती' म्हणून वेगळ्या नोंदल्या आहेत, पण शाळेच्या निकालपत्रकात ते वेगळेपण पुसलं जातं. निकालावर परिणाम जमातीच्या नावाचा होत नाही. तो होतो घरातल्या आणि पुस्तकातल्या भाषेतल्या अंतराचा, आईच्या शिक्षणाचा, वर्षातल्या गैरहजेरीच्या दिवसांचा आणि सहावीनंतरची शाळा किती दूर आहे याचा. शिक्षण हक्क कायद्याखालचे नियम सांगतात की सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. पावसाळ्यात नाला भरला की हे तीन किलोमीटर नकाशावरच राहतात.

रकान्यांच्या आत डोकावलं नाही तर आकडा चक्क उलटं बोलू शकतो. कसं, ते चौकटीत पाहा.

> चौकट : पुढं कोण, मागं कोण?
>
> दोन काल्पनिक शाळा, प्रत्येकी 80 मुलं. मुलांचे दोन गट केले: घरात दहावी झालेलं कुणी आहे आणि कुणीच नाही.
>
> शाळा 'अ' : दहावी झालेल्या घरची 20 मुलं, सरासरी 78. न झालेल्या घरची 60 मुलं, सरासरी 58. पूर्ण शाळेची सरासरी 63.
>
> शाळा 'ब' : दहावी झालेल्या घरची 60 मुलं, सरासरी 74. न झालेल्या घरची 20 मुलं, सरासरी 54. पूर्ण शाळेची सरासरी 69.
>
> एकूण निकालात 'ब' सहा मार्कांनी पुढं. पण शिकलेल्या घरचं मूल 'अ' मध्ये चार मार्कांनी पुढं आणि न शिकलेल्या घरचंही 'अ' मध्येच चार मार्कांनी पुढं.

संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. तालुक्याच्या यादीत 'ब' वर असेल आणि सत्कारही तिचाच होईल. तुमचं मूल कोणत्याही गटातलं असो, या दोनच शाळा असतील आणि बाकी सगळं सारखं असेल तर त्याला 'अ' मध्ये घालणं शहाणपणाचं. ही गोष्ट कागदावरच्या कोड्यापुरती नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात 1973 च्या प्रवेशांत एकूण आकड्यांवरून मुलींना डावललं जातं असं दिसत होतं. विभागवार पाहिल्यावर ते चित्र पालटलं. जिथं प्रवेश मिळणंच कठीण अशा विभागांकडे मुलींचे अर्ज जास्त गेले होते.

नऊ मुलांचा वर्ग

भद्रावती तालुक्याच्या कडेला, ताडोबाच्या बाजूला किंवा गडचिरोलीत आत गेलं की वेगळीच अडचण समोर येते. सातवीत नऊच मुलं. त्यातली सात 'प्रगत', म्हणजे 78 टक्के. पुढच्या वर्षी आठ प्रगत झाली तर निकाल 89 टक्के, सहाच झाली तर 67. शिक्षक तेच, पुस्तक तेच, वर्गाचं छप्परही तेच. एका मुलाला परीक्षेच्या दिवशी ताप आला, एवढ्यानं निकाल 11 टक्क्यांनी हलतो.

किती हलतो याचं एक सोपं सूत्र आहे. मुलामुलांतल्या मार्कांचा फरक साधारण 15 धरला, तर सरासरीतला निव्वळ योगायोगाचा हेलकावा म्हणजे 15 ला मुलांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागून येणारा आकडा. नऊ मुलांसाठी 15 भागिले 3, म्हणजे 5. शंभर मुलांसाठी 15 भागिले 10, म्हणजे दीड. छोट्या शाळेची सरासरी कुणी काही न करताही दरवर्षी पाच मार्कांनी वरखाली होऊ शकते.

त्यामुळे जिल्ह्यातल्या शाळांची निकालानुसार उतरंड लावली की पहिल्या दहांत छोट्या शाळा जास्त दिसतात. लोक म्हणतात, छोटी शाळा म्हणजे चांगली शाळा. यादी उलटी करून शेवटच्या दहा पाहण्याचे कष्ट मात्र फारसं कुणी घेत नाही. तिथंही छोट्याच शाळा जास्त असतात. अमेरिकेत हीच चूक भारी पडली. गेट्स प्रतिष्ठानानं 2000 नंतरच्या दशकात मोठ्या शाळांऐवजी छोट्या शाळा उभारण्यावर एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च केले आणि अपेक्षित फळ दिसेना तेव्हा तो मार्ग सोडला. आपल्याकडे चूक उलट्या दिशेनं होते. कमी पटाच्या शाळेचा एका वर्षाचा पडलेला निकाल दाखवून ती बंद करण्याची भाषा सुरू होते. शाळा ठेवायची की नाही याची कारणं वेगळी असतील, त्यावर वाद जरूर घालावा, पण नऊ मुलांच्या एका वर्षाच्या निकालाला त्या वादात पुरावा म्हणून उभं करू नये. निदान तीन वर्षांची मुलं एकत्र धरून पाहावं.

पेपर कुणी तपासला?

आतापर्यंत मार्क खरे आहेत असं गृहीत धरलं. महाराष्ट्रात 2010 पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. 91 ते 100 'अ-1', 81 ते 90 'अ-2', असं खाली 'ई-2' पर्यंत. मूल्यमापन वर्गशिक्षकच करतात. कुणाला कशाची मदत हवी हे कळण्यासाठी ही पद्धत उत्तम. दोन शाळांची तुलना करायला मात्र ती निरुपयोगी, कारण एका गुरुजींचा 'ब-1' दुसऱ्या शाळेत 'अ-2' असू शकतो.

म्हणून बाहेरच्या मापाची गरज पडते. 'प्रथम' संस्था 2005 पासून खेड्यांत 'असर' पाहणी करते. ही पाहणी शाळेत होत नाही, घरी जाऊन होते. शाळेत गेलं तर त्या दिवशी हजर असलेली मुलंच सापडतात. घरी गेलं की गैरहजर, शाळा सोडलेली, कॉन्व्हेंटमध्ये जाणारी अशी सगळी सापडतात. एकेका मुलाला जवळ बसवून कागद हातात देतात. आधी पहिलीच्या पातळीचा उतारा, अडलं तर शब्द, तेही जमले नाहीत तर अक्षरं. उतारा जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. 2018 मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे 73 टक्के मुलांना ही दुसरीची गोष्ट वाचता आली. 2022 मध्ये, करोनानंतर, हे प्रमाण सुमारे 70 टक्के होतं. म्हणजे आठवीच्या दहा मुलांत तीन मुलं अशी की त्यांच्या हाती विज्ञानाचं पुस्तक देणं हा निव्वळ उपचार आहे. उच्च प्राथमिक शाळेच्या निकालावर बोलताना हे तीन जण विसरून चालत नाही. त्यांची अडचण सहावीत सुरू झालेली नसते, ती घेऊनच ते सहावीत येतात.

मग शाळेचं श्रेय ओळखायचं कसं?

1966 मध्ये अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि सांगितलं की मुलांच्या यशातला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीनं जास्त ठरतो. यावरून 'शाळेनं काही फरक पडत नाही' असा सोयीचा अर्थ जगभर काढला गेला. पण 1983 मध्ये हेनमन आणि लॉक्सली यांनी भारतासह 29 देशांची आकडेवारी तपासली तेव्हा गरीब देशांत शाळेचा आणि शिक्षकांचा वाटा बराच मोठा निघाला. ज्या घरात पुस्तकच नाही, तिथल्या मुलाला वाचायला शिकण्याची एकच जागा असते, ती म्हणजे शाळा. भद्रावतीच्या खाणपट्ट्यातल्या रोजंदारी मजुराच्या मुलीसाठी ही दुसरी पाहणी जास्त खरी आहे, असं मला वाटतं.

श्रेय ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याशीच करायची: जुलैत कुठं होतं, मार्चमध्ये कुठं पोचलं. मूल कोणत्या घरातून आलं याचा बराचसा परिणाम जुलैच्या आकड्यातच येऊन गेलेला असतो. यातही एक मेख आहे. जुलैत अगदी तळाशी असलेल्यांपैकी काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो, त्यामुळे ती मुलं काही न करताही थोडी वर येतात. त्या वाढीचंही श्रेय घेतलं जातंच.

जास्त भक्कम मार्ग चिठ्ठी टाकण्याचा. 2001 नंतरच्या काही वर्षांत मुंबई महापालिकेच्या आणि वडोदऱ्याच्या शाळांत 'प्रथम'ची 'बालसखी' योजना चालली. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली तरुणी वर्गातल्या मागं पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास बाजूला घेऊन वाचन आणि आकडेमोड शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठीनं ठरवलं की कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल. निम्म्या शाळांत एका इयत्तेला, उरलेल्या निम्म्यांत दुसऱ्या. चिठ्ठीला घर, जात किंवा भाषा कळत नाही, म्हणून दोन्हीकडे सारखीच मिसळ झाली आणि पटाचा प्रश्न मुळातूनच बाद झाला. जो फरक दिसला तो बालसखीचाच.

बाजूला बसवलेली मुलं स्पष्टपणे पुढं गेली. गंमत अशी की पंधरा-वीस मुलं बाहेर गेल्यानं ज्यांचा वर्ग लहान झाला, त्या उरलेल्यांना त्याचा काही लाभ झाल्याचं दिसलं नाही. वर्ग नुसता लहान करून भागलं नाही, मुलाच्या पातळीवर जाऊन शिकवणं कामी आलं. योजना थांबल्यावर वर्षभरात या फायद्यातला बराच भाग विरला, हेही त्याच अभ्यासात नोंदलं आहे. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी बॅनर्जींच्या स्वयंपाकाच्या आवडीवर रकानेच्या रकाने लिहिले. बालसखीला त्यामानानं थोडी जागा मिळाली.

पाचवीत थांबलेली चार मुलं

उच्च प्राथमिकच्या निकालात येत्या काळात एक नवा हेलकावा येणार आहे. 2019 मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्यांना पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची मोकळीक मिळाली. महाराष्ट्रानं 2023 मध्ये त्याप्रमाणे नियम बदलले. नापास झालेल्याला जादा मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा. त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात पुन्हा.

पाचवीत 40 मुलं आणि सरासरी 58 धरा. त्यातली चार मुलं, सरासरी 22, पुनर्परीक्षेनंतरही पाचवीतच राहिली. उरलेली 36 सहावीत गेली. त्यांची सरासरी काढा, ती 62 येते. सहावीच्या शिक्षकांनी फळ्यावर अजून एक ओळही लिहिलेली नाही आणि त्यांच्या वर्गाची सरासरी चार मार्कांनी वाढलेली आहे. दोन-तीन वर्षांनी 'नवी परीक्षा पद्धत आली आणि सहावी-सातवीचा निकाल सुधारला' असे तक्ते कुणी मांडले, तर त्या शेजारी आणखी एक आकडा मागून घ्यावा: त्याच वर्षांत पाचवीत किती जणांना थांबवलं, त्यातल्या किती जणांनी दुसऱ्या वर्षी पाचवी पूर्ण केली आणि किती जणांच्या नावापुढं रजिस्टरच्या उजवीकडच्या रकान्यात शाळा सोडल्याची तारीख पडली.